आधी काटा, मग गाडी

मागच्या अंकात मी आमचा १९४९ सालचा फार्मॉल ट्रॅक्टर ट्रेलरवर घालून डेन्व्हरजवळच्या घरून आयोवातल्या माउंट प्लेझंटला, जुन्या यंत्रांच्या मेळाव्याला नेल्याचं लिहिलं होतं. लेख ट्रॅक्टरवर होता, पत्रं मात्र जवळजवळ सगळी तो ओढणाऱ्या गाडीबद्दल आली. 'मागे एवढं वजन बांधायचं तर मोटरहोम, म्हणजे इंजिनसकट चालतं घर, घ्यावं की पिकअपवर बसवायचा ट्रक कॅम्पर?' या एका प्रश्नाचे बारा अवतार माझ्यासमोर पडलेत. पाच निवडले. सहावं पत्र वेगळंच आहे, ते शेवटी.

प्रिय काकू, माझा नवरा मियाटा ही माझदाची छोटी स्पोर्ट्स कार घेऊन ऑस्टिनच्या शर्यतीच्या ट्रॅकवर जातो. आमचा २४ फुटी बंद ट्रेलर आहे. गाडी, टायर, हत्यारं, जनरेटर धरून 'आठ हजार पौंड असेल' असं तो म्हणतो. मुलं सहा आणि नऊ वर्षांची. सासूबाई पुण्याहून चार महिने येतात, त्यांचे गुडघे दुखतात. विक्रेता ३१ फुटी क्लास सी मोटरहोम दाखवतोय, 'साडेसात हजार ओढतं, थोडं इकडेतिकडे चालतं' म्हणतो. नवऱ्याला मात्र एक टनी पिकअपवर ट्रक कॅम्पर हवाय. कोणाचं ऐकू? — एक वाचक, फ्रिस्को, टेक्सास

दोघांचंही नको. आणि 'आठ हजार असेल' हे वाक्य तर घरातून हद्दपार करा.

मी वाळवा तालुक्यातली. आमच्याकडे इंटरनॅशनलचा बी-२७५ होता, महिंद्रांनी अमेरिकन इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारीत भारतात बनवलेला. फार्मॉल हे त्याच घराण्यातलं नाव, म्हणून तर माझा जीव त्याच्यात अडकला. तर उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून चढावर निघालं की ट्रॅक्टरचं तोंड उचलायला लागायचं. मग दोन गडी पुढच्या बंपरवर उभे. इंजिन ओढत होतं, रग होती, पण पुढची चाकंच जमिनीला नीट टेकलेली नसतील तर स्टिअरिंग फिरवून काय उपयोग? ओढणं आणि सांभाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी कॉलेजात शिकायच्या आधी त्या बंपरवर शिकले.

आता तुमच्या विक्रेत्याची गाडी घेऊ. ३१ फुटी क्लास सी, म्हणजे व्हॅनच्या नाकामागे घर बांधलेली गाडी, बहुतेक फोर्डच्या ई-४५० सांगाड्यावर असते. तिचं स्वतःचं, सगळं भरून, कमाल वजन १४,५०० पौंड. गाडी आणि ट्रेलर मिळून, म्हणजे मी ज्याला जोडवजन म्हणते ते, २२,००० पौंड. पाणी, गॅस, किराणा, पाच माणसं, सासूबाईंची लोणच्याची बरणी धरून ही गाडी सहज १४,००० भरते. बावीसातून चौदा गेले, उरले ८,०००. पण मागच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या जागेवर, लिहिलंय ७,५००. लहान आकडा तोच खरा. तुमचा ट्रेलर दोन्हींत बसत नाही, कारण तुमच्या यजमानांचे आठ हजार माझ्या अनुभवाने साडेआठ निघतील. हत्यारांच्या पेटीचं वजन आजवर कुठल्या पुरुषाने कमी सांगितलं नाही असं झालेलं नाही.

पुढची गोष्ट कोणी सांगत नाही. ई-४५० चा सांगाडा फोर्डकडून येतो तेव्हा एवढा लांब नसतो. घर बांधणारी कंपनी मागच्या चाकांच्या पुढे-मागे तो वाढवते, मागे लोखंडी शेपूट जोडते, आणि हिच त्या शेपटाला लागतो. म्हणून इंजिनाला झेपणारं वजन आणि हिचला झेपणारं वजन यांत फरक पडतो. शिवाय हिच मागच्या आसापासून अकरा फूट लांब. दोन आसांमधलं अंतर साडेअठरा फूट. हिचवर १,००० पौंड टेकवले तर मागच्या आसावर १,००० नाही, जवळजवळ १,५९० पडतात, आणि पुढच्या आसावरून ५९० उचलले जातात. सी-सॉचा हिशेब आहे, एका टोकाला बसलं की दुसरं वर. मागच्या आसाची कमाल ९,६०० आहे आणि घराचं बहुतेक वजन आधीच तिथे. तर 'थोडं इकडेतिकडे' नेमकं त्याच आसावर चालतं.

आता नवऱ्याचा ट्रक कॅम्पर. पिकअपच्या हौद्यात बसवलेली खोली, वरचा पलंग ड्रायव्हरच्या डोक्यावर. दुहेरी मागच्या चाकांचा एफ-३५० घेतला आणि त्याला साडेपाच हजार पौंड वाहून न्यायची मुभा आहे असं धरू. जाहिरातीत कॅम्पर ३,४०० चा. तो 'कोरडा' आकडा, म्हणजे त्यात पाणी नाही, गॅस नाही, बहुतेकदा बॅटरी आणि चांदवाही नाही. चाळीस गॅलन पाण्याचेच ३३० पौंड होतात. भांडी, अंथरुणं, सगळं धरून ४,४०० म्हणा. चार माणसं ६००. आणि ट्रेलरने हिचवर टेकवलेलं वजन, जे पिकअपच्याच खात्यात जातं, १,०००. झाले ६,०००. पाचशेने गाडी बुडाली, सासूबाई अजून विमानतळावरच आहेत.

यावर तुमचे यजमान म्हणतील, एफ-४५० घेऊ. घ्या, पण पिकअप म्हणून विकल्या जाणाऱ्या एफ-४५० चं कमाल वजनही १४,००० च आहे. गाडी स्वतः जास्त जड, त्यामुळे पाठीवर न्यायची मुभा वाढत नाही, कधी कमीच होते. तिची पुढची चाकं जास्त वळतात, वळण छान घेते, एवढं खरं.

आणि कॅम्परचं शिडीसारखं दार, वरचा पलंग. दुखऱ्या गुडघ्यांच्या बाईला रात्री दोनदा उठायचं असतं, हे गाडी विकणाऱ्या पोराला कोण सांगणार?

मी तुमच्या पत्रात एक शब्द दोनदा वाचला, 'सहा आणि नऊ वर्षांची'. मोटरहोमच्या मागच्या भागात सीटचे पट्टे असतात, पण पुष्कळदा ते आडव्या किंवा उलट्या तोंडाच्या बाकांना. तिथे मुलांची बूस्टर सीट लावू नये, ती समोर तोंड असलेल्या सीटवरच. डीझेल पुशर, म्हणजे मागे इंजिन असलेली बससारखी गाडी, ओढण्यात फार उत्तम. पण तिच्यात समोर तोंडाच्या, नीट पट्ट्यांच्या जागा पुष्कळदा दोनच असतात, त्या म्हणजे ड्रायव्हर आणि शेजारची. म्हणून माझ्या हिशेबात हा प्रश्न मियाटाचा नाही, बूस्टरचा आहे. मुलांसाठी चार दारी पिकअपची मागची सीटच बरी.

तेव्हा तिसरी वाट बघा. तोच दुहेरी चाकांचा पिकअप, पण हौदा मोकळा ठेवून त्यात मध्यभागी हिच, आणि मागे फिफ्थ व्हील पद्धतीचा 'टॉय हॉलर', ज्यात पुढे घर आणि मागे गॅरेज. ट्रेलरचा भार मागच्या आसाच्या जवळजवळ डोक्यावर येतो, मागे अकरा फुटांवर नाही, म्हणून तोंड उचलत नाही. भार जास्त असतो, ट्रेलरच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढा, तेव्हा तिथेही बेरीज करावी लागतेच. मियाटा साधारण तेरा फूट लांब. चौदा फुटांचं गॅरेज पुरतं, पण गाडी आत घातल्यावर दार उघडून यजमानांना बाहेर येता येतं का, ते टेप घेऊन बघा. आणि दारात तीन रुंद पायऱ्या नि धरायला दांडा. सासूबाईंना घेऊन जा, चढून बघू द्या. त्यांचं मत माझ्यापेक्षा मोलाचं.

हा ट्रेलरच ठेवायचा हट्ट असेल, तर सुपर सी नावाचा प्रकार आहे. ट्रकच्या सांगाड्यावरचं मोटरहोम, फ्रेटलायनरचं नाक पुढे. काहींचे हिच वीस हजार पौंडांपर्यंत जातात. पैसेही तसेच जातात.

जाता जाता, ट्रेलरच्या चौकटीवर एक पाटी असते, तीही वाचा. साडेतीन हजारांचे दोन आस असतील तर ट्रेलर सात हजारांचा आहे, मागे कोणीही ओढो.

काकू, आम्ही दोघंच. मुलं उडाली. स्पोकेनजवळ राहतो, मासेमारीची बोट ट्रेलरसकट ५,००० पौंड, काट्यावर मोजलेली. मोटरहोम मोठं वाटतं. ट्रक कॅम्पर घेतला तर बोट ओढता येईल का? — एक वाचक, वॉशिंग्टन राज्य

'काट्यावर मोजलेली' वाचून मी चहा बाजूला ठेवला. तुम्हाला पूर्ण उत्तर देते.

ट्रक कॅम्पर तुमच्यासारख्यांसाठीच आहे. दोन माणसं, उताराच्या धक्क्यावर बोट पाण्यात सोडायची, कॅम्पर चार पायांवर उभा करून ट्रक मोकळा करायचा. आम्ही नऊ वर्षं वापरला. मोटरहोमचं शेपूट अशा धक्क्यावर घासतं, माझं ऐका.

अडचण एकच. कॅम्पर हौद्याच्या मागे बाहेर येतो, म्हणून हिचला मागे जोड द्यावा लागतो, दोन फूट, तीन फूट, चार फूट. हा जोड म्हणजे बैलगाडीची दांडी लांब करणं. जोड जितका लांब, तितकं त्याला झेपणारं वजन कमी. आमच्या चार फुटी जोडावर स्पष्ट लिहिलेलं होतं, धुरेवर १,००० पौंड. म्हणजे ट्रेलरचं नाक खाली जितकं दाबतं ते. इकडे टंग वेट म्हणतात, मी धुरेचं वजन म्हणते, कारण आमच्या गाडीवानाला त्याचीच काळजी असायची.

पहिल्या वर्षी मी ट्रॅक्टर ट्रेलरवर पुढे सरकवून बांधला. 'पुढे वजन असलं की ट्रेलर हलत नाही' हे ऐकलेलं, आणि अर्धवट ऐकलेलं. नेब्रास्कात आय-८० वर बाजूचा वारा सुटला तेव्हा स्टिअरिंग हलकं, लोण्यातून फिरवल्यासारखं. नॉर्थ प्लॅटजवळ ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्यावर, चढवलं. ट्रेलर २,६००, ट्रॅक्टर ५,४००, बेरीज ८,०००, आणि त्यातले १,५०० आमच्या जोडावर. पुढचा आस जवळजवळ हजार पौंड हलका झालेला. बंपरवर उभं राहायला गडी नव्हते, नवरा तयार होता पण पोलिसांनी चालू दिलं नसतं.

मग साखळ्या सोडून फार्मॉल दीड फूट मागे घेतला. ट्रेलरच्या चाकांपासून त्याच्या नाकापर्यंत पंधरा फूट, ट्रॅक्टर ५,४००, म्हणून दीड फुटाने धुरेवरचं वजन ५४० पौंड उतरलं. १,५०० चे ९६०. आठ हजारांच्या बारा टक्के. पुढचा सगळा रस्ता गाडी शहाण्यासारखी गेली. साधारण दहा ते पंधरा टक्के धुरेवर हवं, त्याहून कमी नको, जोडाच्या मर्यादेहून जास्त नको. तुमच्या बोटीला ५०० ते ७५०. बोटीच्या ट्रेलरचा भार मुळातच हलक्या नाकाचा असतो, तेव्हा तुमचं बरंच सोपं आहे.

कॅम्पर घ्याल तो बाहेर सरकणाऱ्या खोल्यांशिवायचा. एकेक सरकती खोली काहीशे पौंड खाते आणि लांबीही वाढवते. आणि नव्या पिकअपच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये एक चिठ्ठी बघा. कारखान्याने कॅम्परसाठी किती वजन मान्य केलंय आणि त्या वजनाचा मध्य हौद्यात कुठल्या टप्प्यात यावा, हे त्यावर चित्रासकट छापलेलं असतं. कॅम्परचा मध्य त्याच्या बाजूला खुणेने दाखवलेला असतो. ती खूण मागच्या आसाच्या पुढे पडायला हवी. मागे पडली की गाडी जन्मभर उलाळ, म्हणजे मागे जड, पुढे हलकी.

आदरणीय काकू, आमचं न्यू जर्सीचं ढोल-ताशा पथक आहे. गणेशोत्सवात तीन राज्यांत वाजवायला जातो. एक जुनं पेट्रोल क्लास ए, म्हणजे बससारखं, मोटरहोम मिळतंय, त्याच्या मागे ढोल, ताशे, ध्वज, झांजा आणि साउंड सिस्टिम असा १६ फुटी बंद ट्रेलर बांधू. हिच ५,००० चा. वजन काहीच नाही, ढोलच ते! — एक ढोलवादक

बाळा, ढोल पोकळ असतो, साउंड सिस्टिम नसते.

पाच हजारांत बसेल असं मलाही वाटतं, रिकामा ट्रेलर दोन हजारांच्या आसपास, बाकी तुमचं सामान. पण तुमचा धोका वजनात नाही, वजन कुठे ठेवता त्यात आहे. मिरवणुकीत सगळ्यात शेवटी काय बंद होतं? स्पीकर आणि जनरेटर. म्हणजे ट्रेलरमध्ये सगळ्यात शेवटी काय चढतं? तेच. ढोल पुढे कोंबलेले, लोखंड मागे दाराशी. याला आमच्याकडे गाडी उलाळणं म्हणतात. बैलगाडीत ऊस मागे जास्त झाला की जू वर उठतं आणि बैलांच्या गळ्याला फास लागतो. तुमच्या ट्रेलरला बैल नाहीत, म्हणून तो दुसऱ्या पद्धतीने सांगतो, ताशी साठ मैलांवर शेपूट डोलायला लागतो. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा, आणि ब्रेक दाबला की आणखी.

तेव्हा लोखंड आधी, चाकांच्या किंचित पुढे, जमिनीला बांधून. ढोल वर आणि मागे. साधारण साठ टक्के वजन चाकांच्या पुढच्या अर्ध्यात. हे मिरवणुकीनंतर रात्री अकराला, हात सुजलेले असताना होत नाही. म्हणून आत भिंतीवर रंगाने चौकोन आखा, काय कुठे ते लिहा. तुमच्यातला जो वाजवत नाही, फक्त फोटो काढतो, त्याला हे काम द्या.

आणि चुकून डोलायला लागलाच, तर मोटरहोमच्या ब्रेकवर उभं राहायचं नाही. पाय गॅसवरून काढा, स्टिअरिंग सरळ, आणि हाताने ट्रेलरचे ब्रेक हळू दाबा. त्यासाठी गाडीत ब्रेक कंट्रोलर हवा, तोही हाताला लागेल असा. जुन्या मोटरहोममध्ये तो पुष्कळदा नसतो, सात टोकांचं सॉकेट असलं म्हणून कंट्रोलर आहे असं समजू नका. पुष्कळ राज्यांत तीन हजार पौंडांवरच्या ट्रेलरला ब्रेक कायद्यानेच लागतात.

आणखी एक. वळताना क्लास एचं मागचं टोक उलट्या बाजूला फेकलं जातं, पेट्रोल पंपावर तर हमखास. आणि प्रवासात माणसं जितके पट्टे तितकीच. ट्रेलरमध्ये कोणी नाही, ताशे सांभाळायलाही नाही.

काकू, आमचं साधं कॅलिफोर्नियाचं लायसन्स चालेल का? — फ्रीमाँट

ट्रेलर १०,००० पौंडांपर्यंतच्या क्षमतेचा असेल आणि मोटरहोम ४० फुटांच्या आत, तर चालेल. ट्रेलरची क्षमता त्यावर गेली की खाजगी वापराचं क्लास ए लायसन्स (मोटरहोमचा क्लास ए वेगळा), मोटरहोम चाळिशी ओलांडून गेलं की खाजगी क्लास बी. फिफ्थ व्हीलला सवलत आहे, तिथे मर्यादा १५,०००, पण दहा हजारांच्या वर साध्या लायसन्सवर तशी नोंद करून घ्यावी लागते. आणि मागे काहीही बांधलं की तुमच्या राज्यात वेग ताशी ५५ मैल, रस्ता कितीही मोकळा दिसो. फ्रिस्कोच्या वाचक, तुम्हीही ऐका: टेक्सासमध्ये जोडवजन २६,००० च्या वर आणि ट्रेलर १०,००० च्या वर असेल तर क्लास ए लागतं. टॉय हॉलर घेतलात तर परीक्षेची तयारी यजमानांनी करावी.

डीझेल की पेट्रोल? मी तुमच्याच गावाकडचा, फोर्ट कॉलिन्स. ट्रेलर ९,००० चा. नवरा-बायको दोघेच, जुनं मोटरहोम घेतोय. — एक वाचक

आपल्या गावाकडे डोंगर आहेत, तेव्हा डीझेल. एवढ्यात उत्तर संपलं असतं, पण कारण सांगते, कारण लोक इंजिनाचं चढणं बघतात आणि मला उतरण्याची धास्ती असते.

साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे तीन टक्क्यांनी उतरते. डेन्व्हरच्या पश्चिमेचा आयझेनहॉवर बोगदा अकरा हजार फुटांवर आहे, तिथे पोहोचेपर्यंत तिसरा हिस्सा गेला. टर्बो डीझेल हवा कोंबून घेतं, त्याला फारसं जाणवत नाही. पण चढताना काय होईल? ताशी तीस मैलांनी जाल, मागचे शिव्या देतील. बोगद्यातून पश्चिमेला बाहेर पडलात की सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांपर्यंतचा उतार, मैलोन्मैल. तिथे जोडीचं तीस-चाळीस हजार पौंड वजन ब्रेकच्या भरवशावर सोडता येत नाही. डीझेल पुशरला एक्झॉस्ट किंवा इंजिन ब्रेक असतो, इंजिनच गाडीला मागे खेचतं. कुंभार्ली घाटातले एसटीचे ड्रायव्हर सांगायचे, ज्या गियरात चढशील त्याच गियरात उतर. इथे टो-हॉलचं बटण तेच करतं. ते वर, सपाटीवर दाबायचं, उतार लागल्यावर नाही.

आमच्या पहिल्या जुन्या पेट्रोल मोटरहोमला एका दुकानाने ब्रेक कंट्रोलर बसवून दिला होता. वायर जोडल्या, ट्रेलरचे दिवे लागले, पैसे घेतले, हसून निरोप दिला. कंट्रोलरचा जोर किती ठेवायचा ते कोणी बघितलं नाही, मीही नाही. त्या उतारावर आठ हजार पौंडांचा ट्रेलर नुसता मागून ढकलत होता आणि सगळं थांबवण्याचं काम गाडीचे ब्रेक करत होते. आधी वास आला, मग पेडल खोल जायला लागलं. बाहेरच्या फाट्याला मिळेल ती जागा घेऊन थांबले. चाकांतून धूर. तासभर डब्यातली थालीपिठं खात बसलो, बोलत कोणी नव्हतं.

तेव्हापासून दर वेळी घराच्या गल्लीत, ताशी वीस-पंचवीस मैलांवर, हाताने फक्त ट्रेलरचा ब्रेक दाबते. गाडी मागून धरल्यासारखी झाली पाहिजे, पण ट्रेलरची चाकं घासली नाही पाहिजेत. पाच मिनिटांचं काम.

जुनं डीझेल बघताना एका सापळ्यात पडू नका. हिचवर १०,००० लिहिलेलं असतं, विक्रेता त्याचाच फोटो टाकतो. पण ड्रायव्हरजवळची पट्टी वाचा. मी अशी एक गाडी बघितली, स्वतःचं कमाल वजन २८,०००, जोडवजन ३३,०००. गाडी पूर्ण भरली तर मागे पाचच हजार उरले. दहा हजारांचा हिच ही तिथे शोभा. आमच्या सध्याच्या जुन्या चाळीसफुटीवर ३२,००० आणि ४२,००० आहे, म्हणून घेतली. बाहेरचा रंग उडालेला होता, नवऱ्याला आवडली नव्हती.

आणि टायर. खाच कितीही खोल असो, बाजूला डीओटीच्या आकड्यातले शेवटचे चार अंक वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मोटरहोम उभं राहून म्हातारं होतं, पळून नाही. सहा-आठ टायर बदलायचे पैसे किंमतीतून वजा करून घासाघीस करा. आपल्याकडच्या लोकांना शिकवायला नको.

कॅट स्केलला पंधरा-वीस डॉलर पडतात. तीन फळ्या असतात: पुढचा आस एकीवर, मागचा दुसरीवर, ट्रेलर तिसरीवर. एकदा ट्रेलरसकट, एकदा सोडून. दोन पावत्यांच्या वजाबाकीत सगळं कळतं. साखर कारखान्याच्या काट्यावर वडील ट्रॉलीपाशी उभे राहून आकडा स्वतः वहीत लिहून घ्यायचे, कारण काटा मारला जायचा. इथला काटा मारत नाही, तर आपणच त्याच्याकडे जायला घाबरतो. पुढच्या अंकासाठी गाडीचा प्रश्न पाठवणाऱ्यांनी दोन्ही पावत्यांचा फोटो जोडावा. पावती नसेल तर पत्र वाचेन, उत्तर देणार नाही.

काकू, तो फार्मॉल विकायचाय का? मी आयोवात आहे, येऊन घेऊन जाईन. — सीडर रॅपिड्स

नाही. पण तुमच्याकडे फार्मॉल एमच्या, म्हणजे आमच्याच मॉडेलच्या, मागच्या चाकाची जुनी बिडाची वजनं पडली असतील, जोडी, तर मी येऊन घेऊन जाईन. धुरेचं वजन पुन्हा मोजावं लागेल, ते बघते मी.